गदा मिळाली, गादी राहिली

2005 साली राज्य कुस्तीगीर परिषदेचं अधिवेशन इंदापूरला भरलं आणि सईद चाऊसनं महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. पुढच्याच वर्षी, 2006 ला, बारामतीत अमोल बुचडे महाराष्ट्र केसरी झाला. शेजारच्या दोन तालुक्यांना लागोपाठ हा मान मिळाला, याचं त्या वेळी फारसं नवल वाटलं नाही. परिषदेचं अध्यक्षपद दीर्घकाळ शरद पवारांकडे होतं, आणि उसाच्या या पट्ट्यात तालमींनाही तोटा नव्हता. त्यानंतरच्या वीस वर्षांत गदा चंद्रहार पाटीलकडे दोनदा, नरसिंग यादवकडे तीनदा आणि विजय चौधरीकडे तीनदा गेली. विकी बनकर, समाधान घोडके, अभिजित कटके, बाला रफिक शेख, हर्षवर्धन सदगीर, पृथ्वीराज पाटील, शिवराज राक्षे, सिकंदर शेख, पृथ्वीराज मोहोळ अशी ही नामावळी 2025 च्या अहिल्यानगरपर्यंत येते. दर वर्षी गदा खांद्यावर घेतलेल्या पोराचा फोटो छापून येतो आणि खाली ‘आता लक्ष्य ऑलिम्पिक’ अशी ओळ असते. तीन-चार वर्षं गेली की तीच माणसं पारावर बसून म्हणतात, पोरगं हवेत गेलं, खुराक आणि सत्कार अंगी लागले, कुस्ती लागली नाही. या वीस वर्षांच्या यादीतला ऑलिम्पिकच्या गादीवर उतरलेला मल्ल एकच, नरसिंग यादव. हा हिशेब खरा आहे, पण त्यातून पोरांवर काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपण ज्या गुणासाठी गदा देतो तो गुण एक आणि ऑलिम्पिकला लागणारा गुण दुसरा. अपेक्षाभंगाचं मूळ पोरांच्या हवेत जाण्यात कमी आणि या निवडीत जास्त आहे.

आधी किताबाची घडण पाहू. महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा. माती विभागातला विजेता आणि गादी विभागातला विजेता यांच्यात शेवटची लढत होते. पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत आज ऑलिम्पिकचे सहा गट आहेत: 57, 65, 74, 86, 97 आणि 125 किलो. म्हणजे ऑलिम्पिकमध्ये ज्या तीन वजनांच्या मल्लांची एकमेकांशी गाठही पडत नाही, ते तिघं आपल्याकडे एकाच गदेसाठी झुंजतात. ज्याचं अंग मूळचं नव्वद किलोंचं, त्याला एकशे वीस किलोंच्या गड्याखाली दबून जायचं नसेल तर वजन वाढवावंच लागतं. दूध, तूप, थंडाई, बदाम, मटण यांचा रतीब लागतो आणि घरची शेती त्यात जिरते. गदा मिळते तेव्हा मल्ल एकशे दहाच्या आसपास पोचलेला असतो. 97 च्या गटात बसायला तेरा किलो जास्त, 125 च्या गटात टिकायला पंधरा किलो कमी. किताबासाठी हे वजन सोयीचं असतं. जगाच्या गादीवर मात्र ते कुठल्याच गटाचं नसतं.

आता दुसऱ्या बाजूची यादी. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं ते बँटमवेटमध्ये, 57 किलोंच्या गटात. त्याच हेलसिंकीत केशव माणगावे चौथे आले, तेही फेदरवेटमध्ये. त्याच्याही आधी, 1920 च्या अँटवर्पला, रणधीर शिंदे फेदरवेटमध्येच चौथे आले होते. अलीकडच्या काळात जागतिक स्पर्धेचं पदक घेऊन आलेला राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुलात 57 किलोंमध्ये सुवर्णविजेता होता आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोंमध्ये कांस्यविजेता. आवारे कधी महाराष्ट्र केसरी झाला नाही. तो होऊच शकत नव्हता, कारण त्या गटाच्या उंबरठ्यापर्यंतही त्याचं वजन पोचत नाही. खाशाबा आज असते तर तेही बाहेरच राहिले असते. देशाचा हिशेब मांडला तरी तेच दिसतं. सुशीलकुमार 66 किलो, योगेश्वर दत्त 60, बजरंग पुनिया 65, रवी दहिया 57, अमन सेहरावत 57, आणि महिलांमध्ये साक्षी मलिक 58. भारताच्या कुस्तीला आजवर 66 किलोंच्या वर एकही ऑलिम्पिक पदक मिळालेलं नाही, हरियाणालाही नाही. दीपक पुनिया टोकियोत 86 किलोंमध्ये पदकाच्या तोंडाशी येऊन पाचवा राहिला. तेव्हा आपण दर वर्षी एका भारी पोराला गदा देतो आणि जे आजवर एकाही भारतीयाला साधलं नाही तेच त्याच्याकडे मागतो. ते जमलं नाही की दोष त्याच्या शिस्तीला देतो.

यावर जुने जाणकार लगेच म्हणतील की आपले भारी मल्ल पूर्वी जिंकत होते. ते खरं आहे. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर, दोघेही भारी गटांतले, प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आले. 1969 चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार यांनी 1970 ला एडिंबरोच्या राष्ट्रकुलात सुवर्ण जिंकलं. दोन वेळचे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले 1974 ला क्राइस्टचर्चहून रौप्य घेऊन परतले. या माणसांच्या ताकदीबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण त्यांच्यासमोर कोण उभं होतं तेही पाहायला हवं. जकार्ताला इराण उतरलाच नव्हता. कझाकस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान तेव्हा सोव्हिएत संघाचे भाग होते आणि आशियाई स्पर्धांत त्यांचा स्वतंत्र पाय पडला तो 1994 च्या हिरोशिमापासून. राष्ट्रकुलात तर इराणही नाही, रशियाही नाही, तुर्कस्तानही नाही. 1994 नंतर आशियाच्या भारी गटांचं दार आपल्यासाठी बरंच अरुंद झालं. आंदळकरांच्या काळाचा दाखला देऊन आजच्या पोराला हिणवणं म्हणजे निम्मा इतिहास वाचणं आहे.

दुसरा आक्षेप मातीचा. आपली पोरं मातीत लोळतात, गादीवर घसरतात, म्हणून हरतात, असं शहरी क्रीडापत्रकार गेली तीस वर्षं लिहीत आले आहेत. यात थोडं तथ्य आहे. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, रिंगणाबाहेर पाय गेला की गुण जातो, दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथंच संपते. गावच्या मैदानात हे काहीच नसतं. पण सतपाल मातीतूनच आले आणि त्यांच्या छत्रसालच्या आखाड्यातून सुशील, योगेश्वर घडले. त्यामुळे मातीवर सगळं खापर फोडता येत नाही. दोष मोसमाचा आहे, आणि मोसमाला बांधलेल्या पैशाचा. गाळप संपतं, उसाची बिलं हातात येतात, चैत्र उजाडतो आणि इंदापूर-बारामतीपासून माळशिरस-फलटणपर्यंत गावोगाव जत्रांची मैदानं सुरू होतात. ताक, हळद, लिंबू, तेल मुरवलेली तांबडी माती, हलगीचा कडकडाट, रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या, आणि अंधार पडता पडता शेवटची मोठ्या इनामाची जोड. ती वीस-पंचवीस मिनिटं चालते आणि निकाली झाली नाही तर प्रेक्षक पंचांवर ओरडतात. नावाजलेल्या मल्लाची वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांत होते, त्यातला वाटा वस्तादाच्या तालमीकडे जातो, आणि पोस्टरवर नावाआधी ‘महाराष्ट्र केसरी’ लागलं की आकडा चढतो. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा बहुधा याच दिवसांत येते. 2022 ला साताऱ्यात 9 एप्रिलला गदेची लढत झाली आणि 19 एप्रिलला उलानबातरला आशियाई स्पर्धा सुरू झाली. साताऱ्याचा विजेता त्या दहा दिवसांत गावोगावच्या मिरवणुका टाळून काय करू शकला असता? अर्धा महाराष्ट्र त्याची वाट पाहत उभा होता.

तो विजेता पृथ्वीराज पाटील, पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याचा. या यादीत ‘होनहार’ हा शब्द ज्याला खऱ्या अर्थानं लावता येईल असा तोच, कारण गदेच्या आधी, 2021 ला, रशियात ऊफाच्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत 92 किलोंमध्ये त्यानं कांस्य घेतलं होतं. पण 92 किलो हा ऑलिम्पिकचा गट नाही. कनिष्ठ गटातून वर येताना त्याच्यापुढे 86 कडे उतरायचं की 97 कडे चढायचं, असा खरा प्रश्न होता. गदेनं तो प्रश्न त्याच्या वतीनं सोडवला: वर चढ. वय अजून त्याच्या बाजूनं आहे, म्हणून त्याच्याविषयी निकाल देणं घाईचं ठरेल. माझं म्हणणं एवढंच की त्या वळणावर राज्यानं त्याला दिलेलं बक्षीस एकाच दिशेला ओढणारं होतं.

नरसिंग यादवचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं असं कुणाला वाटेल. तीनदा गदा, लंडन ऑलिम्पिक, 2015 ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि त्यातून रिओची जागा. पण क्रम पाहा. दिल्ली राष्ट्रकुलाचं सुवर्ण 2010 चं, पहिली गदा 2011 ची. तो गादीवर घडला होता, गदा नंतर आली. आणि जगात तो खेळला 74 किलोंमध्ये, किताबाच्या गटाच्या कितीतरी खाली. लंडनला तो पहिल्याच फेरीत हरला. रिओचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: सुशीलकुमारची न्यायालयीन लढाई, उत्तेजक चाचणी, ‘नाडा’ची क्लीन चिट आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर क्रीडा लवादाची चार वर्षांची बंदी. त्या प्रकरणामागे कट होता की नव्हता यावर तालमीत आजही रात्री रंगतात. त्याच्यानंतर टोकियो आणि पॅरिसला महाराष्ट्राचा एकही मल्ल पोचला नाही.

अंगाचं माप पाहून भविष्य वर्तवण्याची चूक आपणच करतो असं नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएत, दर वर्षी नव्या खेळाडूंची क्रमवार निवड होते. 2007 ला सात फुटी ग्रेग ओडेनला पहिल्या क्रमांकानं उचललं, केविन ड्युरंट दुसरा आला. ओडेनचे गुडघे गेले, त्याच्या वाट्याला एनबीएचे सगळे मिळून 105 सामने आले. ड्युरंट त्याच्या पिढीतल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक ठरला. 2015 ला पंजाबच्या बल्लो के गावचा सात फूट दोन इंचांचा सतनामसिंग 52 व्या क्रमांकानं निवडला गेला, एनबीएच्या निवडीत आलेला पहिला भारतीय. एकही एनबीए सामना न खेळता तो पुढे तमाशाछाप व्यावसायिक कुस्तीत शिरला. उंची शिकवता येत नाही, म्हणून ती दिसली की निवडणारे बाकीचं पाहायला विसरतात. फरक इतकाच की अमेरिकेत ओडेन फसला तर ड्युरंटही त्याच यादीत होता. आपल्या यादीत आवारेला जागाच नव्हती.

राहिला शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप: गदा ऑलिम्पिकसाठी मुळात नाहीच. हा किताब 1961 पासून राज्याची मानाची गोष्ट आहे, लोकांना सर्वांत बलवान गडी पाहायचा असतो, आणि सरकार नरसिंग, विजय चौधरी, राहुल आवारे यांना पोलीस उपअधीक्षक करतं, म्हणजे दोन्ही वाटांचा सन्मान होतो. या आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. ज्यानं गदा जिंकली तो यशस्वी झाला, त्यापुढे तो कुणाचं देणं लागत नाही. अमोल बुचडेनं बारामतीनंतर तालमीत पोरं घडवली, कटके त्यांच्याच हाताखालचा. ही कमाई छोटी नाही. पण मग फोटोखालची ‘आता लक्ष्य ऑलिम्पिक’ ही ओळही काढून टाकायला हवी. ती आपण काढत नाही, उलट गदेचं ओझं वाढवत नेतो. एका निकालावर पोस्टर, इनाम आणि नोकरीची आशा लटकलेली असली की काय होतं ते 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला दिसलं: पंचांवर हात-पाय उचलले गेले, अंतिम लढत अर्धवट सुटली, दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पुढच्याच महिन्यात फूट पडलेल्या परिषदेच्या दुसऱ्या गटानं कर्जतला वेगळं अधिवेशन भरवलं आणि वेताळ शेळके त्या वर्षाचा दुसरा महाराष्ट्र केसरी झाला.

परिषदेच्या दोन गटांनी यातून बाहेर पडायचं ठरवलं तर करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला खर्चही फार नाही. भारी गटाची गदा आहे तशीच राहू द्यावी, जत्रेतली शेवटची जोड तिच्याशिवाय रंगणार नाही. तिच्या बरोबरीनं 57, 65 आणि 74 किलोंच्या विजेत्याला तेवढीच मोठी गदा, तेवढंच इनाम आणि नोकरीत तेवढाच हक्क द्यावा. आज त्या गटांच्या कुस्त्या दुपारी उरकून घेतात, तेव्हा गॅलरी रिकामी असते. आणि अधिवेशनाची तारीख आशियाई स्पर्धेच्या निवडचाचणीआधी दोन महिने तरी ठेवावी. हलक्या गड्यांना कोण बघायला येणार, असं संयोजक म्हणतात. 57 किलोंची कुस्ती संध्याकाळी सातला, दिव्यांच्या उजेडात लावून पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही.