भरली गाडी, खाली गाडी

“समोर घे, भाऊ. अजून थोडी. बस्स! आता उतरा सारे खाली.”

काट्याच्या खिडकीतून हाक आली तशी ट्रॉलीतल्या कापसावर बसलेली दोन पोरं दोरी धरून सरसर खाली आली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खिडकीवरचे लाल आकडे दोनचार वेळा मागेपुढे झाले आणि 5420 वर थांबले. काटेवाल्याने आकडा मोठ्याने वाचला, बटण दाबलं, प्रिंटरमधून पावती निघाली. मिनिटभराचं काम. पण त्या मिनिटासाठी जूनपासून एक कुटुंब राबलेलं असतं. पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी हे सगळं शेवटी चार आकड्यांत येऊन बसतं, आणि ते आकडे खरे निघावेत एवढीच कास्तकाराची अपेक्षा असते.

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की लोहारा येतं. शहर वाढत वाढत आता या गावाला येऊन भिडलं आहे. इथल्या एमआयडीसीत रेमंडच्या डेनिमचा कारखाना आहे. ज्या मुलखात कापूस पिकतो त्याच मुलखात त्याचं कापड विणलं जातं, असं आपल्याकडे फार ठिकाणी घडत नाही. दिवाळीनंतर या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. जाळी लावून, दोर आवळून, माणूसभर उंच भरलेला कापूस. कुणी जिनिंगकडे निघालेला, कुणी खरेदी केंद्राकडे. जो जाणता आहे तो मध्येच एका ठिकाणी थांबतो आणि स्वतःच्या पैशाने गाडी काटा करून घेतो.

कागदोपत्री या यंत्राला वे-ब्रिज म्हणतात, मराठीत वजनकाटा. पण आपल्याकडचा माणूस त्याला धरमकाटा म्हणतो, आणि मला हाच शब्द सगळ्यांत नेमका वाटतो. जिनिंगच्या आवारातला काटा घेणाऱ्याचा असतो. घरचा ताणकाटा विकणाऱ्याचा. रस्त्याकडेचा काटेवाला मात्र दोघांचाही नसतो. आकडा जास्त येवो की कमी, त्याला गाडीमागे ठरलेले तेवढेच पैसे मिळतात. कापूस त्याला घ्यायचा नसतो, विकायचाही नसतो. त्याचा धर्म तो एवढाच.

वजनाच्या खरेपणासाठी या भागाने फार आधीपासून धडपड केली आहे. लोहाऱ्यावरून दारव्ह्याकडे गेलेला रस्ता पुढे कारंज्याला पोचतो. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार याच कारंज्यात 1886 साली सुरू झाला. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारावर समिती आली, दलाल आणि मापारी यांना परवाना घ्यावा लागू लागला. इंग्रजांना आपल्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, हे खरंच. पण मापाऱ्याला परवाना लागू करावा लागला, यावरूनच तोवर बाजारात काय चालत असेल ते कळतं. ‘मापात पाप’ हे दोन शब्द आपल्या भाषेत उगाच जोडीने आलेले नाहीत.

तेव्हा कापूस बंडीतून यायचा आणि बोजा बोजा करून तराजूला लागायचा. प्रत्येक बोज्याला दांडी थोडी झुकती धरली की दिवसभरात किती गेलं याचा हिशेब लागणं अवघड. अख्खी गाडीच एकदम तोलता आली तर? हा प्रश्न जगात इतरांनाही पडला होता. इंग्लंडमध्ये जॉन वायट या कारागिराने 1740 च्या दशकात तरफांची अशी जुळणी केली की जमिनीलगतच्या फळीवर गाडी उभी करावी आणि बाजूला लहानशा वजनाने ती तोलून धरावी. अमेरिकेत व्हर्मांटच्या थॅडियस फेअरबँक्सने 1830-31 मध्ये असाच काटा बनवला, तोही अंबाडीसारख्या एका वाखाच्या पिकाच्या गाड्या तोलण्यासाठी. म्हणजे शेतमालाच्या बंडीपायीच हे यंत्र रुजलं, असं म्हणायला हरकत नाही.

आजच्या काट्यात तरफा नाहीत. लोखंडी फलाटाखाली सहा किंवा आठ लोड सेल असतात, म्हणजे पोलादाचे भक्कम ठोकळे. पोलाद दबत नाही असं आपल्याला वाटतं, पण गाडी वर आली की ते दबतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं. त्या ठोकळ्याला नागमोडी तारेची एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. पोलाद दबलं की तार ताणली किंवा आखडली जाते आणि तिचा विजेला होणारा रोध बदलतो. 1938 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांना न विचारता, ही पट्टी शोधली. दहा व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला साधारण वीस मिलिव्होल्ट एवढाच फरक पडतो. सगळ्या सेलांचे हे इवलेसे फरक एका डबीत एकत्र होतात आणि खिडकीतल्या यंत्रावर आकडा उमटतो. साठ टनांचा ट्रक आणि हा कणभर फरक, यांच्या मधल्या विश्वासावर अख्खा बाजार चालतो.

म्हणूनच हा काटा जपावा लागतो. फलाट आणि खड्ड्याची भिंत यांच्या फटीत एखादा दगड अडकला तर वजनाचा काही भाग दगडावर जातो आणि आकडा कमी येतो. पावसाळ्यात खाली गाळ साचतो. उंदीर वायर कुरतडतात. मी पाहिलेला एक काटेवाला रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी लांब सळई घेऊन फलाटाच्या चारी बाजूंची फट साफ करायचा. एखाद्याने देवापुढची जागा झाडावी तसं. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

कायदाही आहे. 2009 चा वैध मापन शास्त्र कायदा 2011 पासून लागू झाला; त्याखाली वजनकाट्याची दर बारा महिन्यांनी पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं लागतं. यंत्राला तारेत ओवलेलं सील असतं, त्यावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर उठवलेलं असतं, आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं असतं. काट्याच्या क्षमतेचा दहावा हिस्सा किंवा एक टन, यांपैकी जे कमी असेल तेवढी प्रमाणित वजनंही जागेवर ठेवायची असतात. साठ टनांच्या काट्यावर म्हणजे वीस किलोची पन्नास वजनं. ती कुठे आहेत, असं विचारायचा हक्क आपल्याला आहे. फार थोडे विचारतात.

आता आकड्यांकडे जरा बारकाईने पाहू, कारण इथेच पैसा आहे. बरेच मोठे काटे दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात. 5416 किलो असेल तर 5420 दिसणार, 5414 असेल तर 5410. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे, म्हणजे एक टप्पा 811 रुपयांचा. शिवाय अशा काट्याला पाच ते वीस टनांच्या दरम्यान पडताळणीच्या वेळी दहा किलो इकडेतिकडे चालतात, आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट. ही काही लबाडी नव्हे, यंत्राची कायद्याने मान्य केलेली मर्यादा आहे. वीस टनांच्या ट्रकला ती किरकोळ. वीस क्विंटल कापसाच्या ट्रॉलीला तीच मर्यादा एखाद्या बाईच्या आठवडाभराच्या वेचणीच्या मजुरीएवढी होते. म्हणून पाच किलोच्या टप्प्याचा काटा जवळपास असेल तर ट्रॉली तिथेच न्यावी, असं मी प्रत्येक ओळखीच्या कास्तकाराला सांगत आलो आहे.

आमच्या घरी एका हंगामात हे अंगावर आलं. बाबांनी निघताना रस्त्यावर काटा करून घेतला होता आणि पावती खिशात ठेवली होती. माल जिथे उतरला तिथे भरली गाडी साठ किलोंनी कमी भरली. बाबा भांडले नाहीत. त्यांनी पावती पुढे केली आणि ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर घ्यायला सांगितला, पण या वेळी आधी पुढच्या टोकाला, मग मध्ये, मग मागच्या टोकाला. तीन जागी तीन आकडे आले. मागच्या टोकाला आकडा घसरत होता. म्हणजे त्या बाजूचं काहीतरी अडकलं होतं. तिथल्या माणसाने फट साफ केली, पुन्हा मोजलं, आणि पन्नास किलो परत आले. त्या दिवशी मला कळलं की काट्याची परीक्षा घ्यायला इंजिनियर लागत नाही. चढण्याआधी आकडा शून्य आहे का ते पाहायचं आणि शंका आली तर तीच गाडी तीन जागी उभी करायची.

भरलेली आणि खाली गाडी तोलताना एक गोष्ट फार जण विसरतात: दोन्ही वेळा गाडी सारखीच हवी. भरतीच्या वेळी ड्रायव्हर सीटवर असेल तर खालीच्या वेळीही असावा. मधल्या वेळात टाकीत पन्नास लिटर डिझेल भरलं तर चाळीसेक किलो वाढले आणि तेवढा कापूस हिशेबातून गेला. ताडपत्री, दोर, जाळी, पाण्याची कॅन, सगळं दोन्ही वेळा बरोबर. पोरांना खाली उतरवणारा तो काटेवाला म्हणूनच बरोबर होता; ती दोघं वर राहिली असती तर त्यांचं वजन कापसात लागलं असतं, आणि आपल्या बाजूने झालेली चूकही चूकच असते.

आता दुसऱ्या एका वजनाबद्दल, ज्याची पावती कुणी मागत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्या दोन चाकी. त्यांचा काही भार स्वतःच्या चाकांवर असतो आणि काही हुकातून ट्रॅक्टरवर येतो. हुकावर किती आला हे डोळ्यांनी कळत नाही, पण धरमकाट्यावर कळतं. आधी ट्रॉली सोडून नुसतं मुंडकं चढवायचं. समजा 2080 आलं. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चारही चाकं फलाटावर आणि ट्रॉलीची चाकं बाहेर सपाट जमिनीवर ठेवायची. समजा 2610 आलं. मधले 530 किलो हुकावर आहेत. शेवटी अख्खी गाडी वर घ्यायची, 5420. ट्रॉलीच्या चाकांवर 2810, आणि ट्रॉली मालासकट 3340.

एवढ्यावर थांबू नये. ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं फलाटावर घ्यावीत, एकदा ट्रॉलीशिवाय आणि एकदा ट्रॉलीसह. हुक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने त्यावरचा भार ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतो. नुसत्या मुंडक्याच्या पुढच्या चाकांवर 800 असतील तर जोडल्यावर ते 630 वर येऊ शकतात. पुढे ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहायला हवा, तरच स्टिअरिंग ऐकतं. माल आणखी पुढे सरकवून भरला, वर चढ लागला, ड्रायव्हरने झटक्यात क्लच सोडला, की तोंड आभाळाकडे जातं. उलट सगळा माल मागे भरला तर हुकावरचा भार हलका होतो आणि उतारावर ट्रॉली झोले खाते. ट्रॅक्टर उलटून माणूस दगावल्याची बातमी आपण दर हंगामात वाचतो. माझं ठाम मत आहे की नवी ट्रॉली घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या भरतीला हे पाच आकडे एकदा तरी काढून ट्रॉलीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवावेत.

परदेशात हे लोक सर्रास करतात. अमेरिकेत 1977 पासून कॅट स्केल नावाचे काटे हमरस्त्याकडेच्या ट्रकथांब्यांवर आहेत. त्यांचा फलाट तुकड्यांत असतो, त्यामुळे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांचं वजन एकाच वेळी वेगवेगळं मिळतं. सुट्टीला फिरतं घर गाडीमागे जोडून निघणारी कुटुंबंही तिथे थांबून तोलून घेतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या 114 व्या कलमाने तपासणी अधिकारी जास्त भाराचा संशय आलेली गाडी काट्यावर न्यायला लावू शकतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला 2,000. त्यामुळे काटा म्हटलं की ड्रायव्हरला आधी दंड आठवतो. आपल्याच जिवासाठी काट्यावर जायची सवय अजून लागलेली नाही.

संध्याकाळी तीच गाडी लोहाऱ्याला परत आली. ट्रॉली रिकामी, जाळीला चिकटलेले कापसाचे पुंजके वाऱ्यावर हलत होते. दोर गुंडाळून फळीवर ठेवला होता, ताडपत्री घडी करून त्याच्या बाजूला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आकडे स्थिरावले, 3290. काटेवाल्याने सकाळच्या पावतीचा नंबर टाकला आणि नवी पावती काढली: भरती 5420, खाली 3290, निव्वळ 2130. कास्तकाराने जिनिंगची पावती शेजारी धरून ओळीवर बोट ठेवलं. तिच्यावरही 2130 होते. त्याने दोन्ही कागद एकत्र घडी करून वरच्या खिशात ठेवले आणि पोरांना म्हणाला, “बसा रे आता वर.”