जोडीदाराच्या आरोग्य विम्याचा हप्ता : वजावट नेमकी कोणाची?

पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, पत्नीच्या नावे मेडिक्लेम पॉलिसी आहे आणि हप्ता मात्र पतीच्या बँक खात्यातून जातो. अशा वेळी प्राप्तिकर विवरणपत्रात वजावट कोणी मागायची, असा प्रश्न अनेक घरांत पडतो. कायद्याचे उत्तर सरळ आहे : ज्याने हप्ता भरला, वजावट त्याची.

प्राप्तिकर कायद्यान्वये स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या हप्त्यापोटी वर्षाला एकूण २५ हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. विमा उतरवलेली व्यक्ती ६० वर्षांची असल्यास ही मर्यादा ५० हजार रुपये आहे. जोडीदार आर्थिकदृष्ट्या अवलंबून असण्याची अट नाही. त्यामुळे कमावत्या पत्नीच्या हप्त्याची वजावटही पतीला घेता येते. मात्र एकाच रकमेवर दोघांना दावा करता येत नाही.

आई-वडिलांसाठी याशिवाय स्वतंत्र मर्यादा आहे. पण त्यात सासू-सासरे येत नाहीत. त्यांचा हप्ता जावयाने भरल्यास त्याला वजावट मिळत नाही. तोच मुलीने आपल्या उत्पन्नातून भरल्यास तिला मिळते.

हप्ता रोखीने भरल्यास वजावट नाकारली जाते. धनादेश, कार्ड किंवा ऑनलाइन भरणा चालतो. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीच्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाला रोख चालते. मात्र ही रक्कम मूळ मर्यादेतच धरली जाते. कंपनीने स्वतः भरलेल्या सामूहिक विम्याच्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला दावा करता येत नाही. पगारातून कापलेल्या हिश्शावर करता येतो.

सर्वांत महत्त्वाची बाब करप्रणालीची. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली मूळ पर्याय ठरली असून तीत ही वजावट नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्या आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचा २५ हजारांच्या वजावटीमुळे उपकरासह ७,८०० रुपये कर वाचतो. अधिभार लागू नसलेल्यांसाठी हा हिशेब आहे. तेव्हा दोन्ही प्रणालींतील कराची तुलना करूनच निवड करावी. जोडप्यापैकी एकजण जुन्या आणि दुसरा नव्या प्रणालीत असेल, तर जुन्या प्रणालीतील जोडीदाराने आपल्या खात्यातून हप्ता भरणे लाभाचे ठरते. हा निर्णय हप्ता भरण्यापूर्वीच घ्यावा लागतो. ३१ मार्चनंतर तो बदलता येत नाही.