मे महिन्यात मेलेली बॅटरी

संपादकांनी द्राक्षाच्या हंगामावर लिहायला सांगितलं होतं. निफाड-दिंडोरीच्या बागांतून पहाटे क्रेट भरून निघणाऱ्या पिकअप, थंडी, मजुरांची लगबग, असं काही डोक्यात घेऊन निघालो. आग्रा रोडला, आडगावच्या बाजूला, बॅटरीच्या एका लहानशा दुकानापुढे सकाळी सकाळीच पिकअपची रांग दिसली. त्यातली एक दोर लावून ओढून आणलेली. मी तिथंच उतरलो, आणि बाग राहून गेली.

दुकान चालवणाऱ्या काकांनी नाव छापायला नको म्हटलं. ॲसिडच्या थेंबांनी शर्टाला बारीक भोकं पडलेली, बोटांची टोकं पिवळट. रांगेतला प्रत्येक ड्रायव्हर एकच वाक्य बोलत होता, “मामा, कालपर्यंत चांगली होती.” काका कुणाशी वाद घालत नव्हते. मला मात्र म्हणाले, “ही काल नाही गेली. मे महिन्यातच गेली. कळलं आज.”

नाशिकच्या हवामानात हे वाक्य तंतोतंत बसतं. शिशाच्या बॅटरीला थंडी मारत नाही, उष्णता मारते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते. मे महिन्यात चाळिशीच्या उन्हात, वर तापलेलं इंजिन शेजारी, पाणी उडतं, जाळ्या गंजतात. तरीही गरम इंजिन सहज फिरतं, म्हणून गाडी सुरू होत राहते. मग निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी येते. त्या थंडीत बॅटरीची ताकद बरीच घटते, ऑइल घट्ट होतं, आणि डिझेल इंजिनला तर जोरात फिरवल्याशिवाय आग लागतच नाही. दुबळी बॅटरी नेमकी द्राक्षं भरलेल्या पहाटे उघडी पडते.

या यंत्राचा इतिहास लांबलचक आहे, पण इथं दोनच गोष्टी पुरे. फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाची बॅटरी केली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला आणि इंजिन सुरू करण्याचं काम हँडलकडून बॅटरीकडे गेलं. आजच्या पिकअपमध्येही मूळ रसायन तेच आहे: शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिड. सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, मिळून १२.६.

मला खिळवून ठेवलं ते काकांच्या हायड्रोमीटरने. काचेची नळी, रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. झाकण काढून एकेका सेलमधलं पाणी ओढायचं आणि आकडा वाचायचा. भरलेल्या सेलचं ॲसिड पाण्यापेक्षा जड, वजनदार. बॅटरी उतरली की सल्फेट प्लेटांना चिकटतं आणि उरतं ते हलकं पाणी. काका १.२५० ला “बाराशे पन्नास” म्हणतात. “बाराशे पन्नास, बाराशे चाळीस, बाराशे पन्नास, अकराशे दहा,” आणि थांबले. बाकी सेल चांगले, एकच आडवा. शेजारच्या सेलपेक्षा पन्नासाहून जास्त फरक असला तर चार्जिंगला लावून उपयोग नाही, ती बॅटरी बदलायची. सगळे सेल सारखेच खाली असतील तर मात्र बॅटरी उतरलीय, मेलेली नाही. तेवढ्यावरून ते गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचवताना मी पाहिले.

“भाऊ, बॅटरी नको. डायनामो बघा,” असं एकाला त्यांनी परत पाठवलं. इंजिन चालू ठेवून मीटर लावला होता, १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत, काटा त्याच्या खालीच. दुसऱ्याच्या गाडीत जीपीएस, टेप आणि झगमगते दिवे इंजिन बंद असतानाही वीज पीत होते. कारण शोधल्याशिवाय नवी बॅटरी घातली तर तीही तशीच जाणार. हे सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या हिताचा विचार करतो, असं मला ठामपणे वाटतं.

निवडीचे त्यांचे नियम साधे. कंपनीने दिलेले अँपिअर-अवर कमी करू नका. माप आणि प्लस कोणत्या बाजूला आहे, ते जुनीशी जुळवा, नाहीतर केबल ओढून बसवावी लागते. उत्पादनाची तारीख बघा, दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी नको. पट्टी घट्ट आवळा, कारण शेतरस्त्याच्या धक्क्यांनी प्लेटांवरचा लेप गळतो. देखभालीतही फार नाही: प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल वॉटर, तेही चार्ज झाल्यावर. ॲसिड कधीच नाही, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. नळाचं पाणी नको. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा आणि गरम पाण्याने धुवा, मग व्हॅसलिन लावा. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी नाही.

पण हे ज्ञान ज्यावर उभं आहे ते झाकणच नाहीसं होतंय. देखभालमुक्त बॅटऱ्यांत कॅल्शियमच्या मिश्रणाच्या जाळ्या असतात. त्यांत पाणी कमी उडतं हे खरं, पण सेल उघडता येत नाही, आणि हायड्रोमीटर कपाटात जातो. उरतो तो लोड टेस्टर: पंधरा सेकंद ठरावीक भार द्यायचा, व्होल्ट ९.६ च्या खाली उतरले नाहीत तर ठीक. तो आजार सांगतो, कुठल्या सेलला झालाय ते सांगत नाही. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळी, जास्त वेळा उतरणं-भरणं सोसणारी बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी बसवली तर ती लवकर जाते, आणि दोष दुकानावर येतो.

त्याहून मोठी चिंता दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून रचलेली होती. जुन्या बॅटऱ्या. त्यांचा भाव किलोवर ठरतो, कारण निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या परत गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण नियम न पाळणारी भट्टी धूर आणि ॲसिड सांभाळण्यावर खर्च करत नाही, म्हणून ती किलोला जास्त भाव देऊ शकते. भंगारवाला तिकडे वळला की ॲसिड मातीत जातं, धूर घरांवर उतरतो. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी अंदाज दिला होता, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंता वाटावी इतकं शिसं आहे. भारतातली अशी मुलं सुमारे २७.५ कोटी. शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

काका जुन्या बॅटऱ्या कंपनीच्या वितरकालाच देतात, पावती घेऊन. भंगारवाला रोज येतो, जास्त भाव सांगतो. पिकअपवाल्याला जुन्या बॅटरीचे किती पैसे वळते करायचे, हा वाद त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाशी होतो. काका देतात त्यापेक्षा शेजारचा दोनशे रुपये जास्त देतो, म्हणून मी तिथं असतानाच एक जण जुनी बॅटरी उचलून घेऊन गेला.