अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा हिशेब

गॅरार्ड ३०१ ला हात लावायचा नाही, असं मानणारा एक पंथ आपल्या संग्राहकांत आहे. १९५० च्या दशकात स्विंडनच्या कारखान्यातून ते जसं बाहेर पडलं तसंच जपायचं, स्क्रूसुद्धा मूळचाच हवा. मला हे कधीच पटलं नाही. मी हे टर्नटेबल बाळगतो ते बालगंधर्वांची पदं ऐकायला. तबकडीला हवं ते यंत्रात नसेल, तर यंत्रात फेरफार करायलाच हवेत.

बेल्टवाल्यांशी माझं भांडण त्याहून जुनं आहे. गॅरार्डसारखी रबरी चाकाची यंत्रं घरघरतात, हा त्यांचा आक्षेप. चाकाचं रबर वाळून टणक झालं किंवा एका जागी दबून चपटं झालं, तर घरघर होतेच. पण पनवेल-तळोज्याच्या कारखान्यांत रबराचे रोलर चढवून देणारे कारागीर असताना हे रडगाणं कशाला? चाकावर नवं रबर चढवून लेथवर घासून घेतलं आणि बेअरिंगला नवं तेल दिलं की ७८ च्या तबकडीच्या मूळच्या खरखरीत ही घरघर शोधूनही सापडत नाही. बदल्यात जोर मिळतो. मोटर चाकाला आणि चाक थाळीच्या आतल्या कडेला थेट रेटतं, त्यामुळे लाखेच्या तबकडीवर जड सुई टेकवली तरी थाळी दबत नाही. बहुतेक बेल्ट यंत्रांवर तर ७८ चा वेगच नसतो. आपल्याकडच्या जुन्या रेडिओग्रॅममधले चेंजरही रबरी चाकाच्याच जातीचे होते, म्हणून त्यांच्यावर आजीची तबकडी सुखाने वाजायची.

लाकडी बैठक, तारा, पायाखालचे रबर यांवर अंक भरतील एवढं लिहून झालंय. बैठक जड आणि घट्ट असावी, बाकी ज्याची त्याची हौस.

सुईचं मात्र तसं नाही. एलपीची सुई टोकाशी साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर ७८ च्या खाचेला अडीच ते तीन मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन वर्षानुवर्षांची धूळ वाजवत बसते. जुन्या कार्ट्रिजवर सुई फिरवायची ती छोटी पट्टी यासाठीच असायची. पोलादी सुया दर बाजूला बदलायच्या होत्या. घराघरांत त्या तशाच वापरल्या गेल्या आणि त्यांनी खाचेची एक पातळी पार खरवडून टाकली. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या सुया जवळ ठेवायच्या आणि शाबूत भिंतीला टेकणारी निवडायची. डावा-उजवा चॅनेल एकत्र जोडून मोनो करा, सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी तिथेच मरते. आणि या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे वेगाकडे येतो.

नव्वदच्या दशकात पनवेलला संध्याकाळी दिवे लागले की माझं टर्नटेबल उतरायचं. गाणं तेच, तबकडी तीच, पण दुपारी हार्मोनियमशी जुळलेला षड्ज रात्री खाली. दोष यंत्रात नव्हता. त्या काळी मागणी वाढली की पश्चिम ग्रिडची वारंवारता ४९ हर्ट्झच्याही खाली जायची आणि गॅरार्डसारखी मोटर विजेच्या वारंवारतेच्या मागोमाग जाते. ४८.५ हर्ट्झवर ७८ चे पावणेशहात्तर फेरे होतात, म्हणजे सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने खाली. वेग तपासायला स्ट्रोबची रेघांची चकती बघणारे छातीठोकपणे सांगायचे की रेघा स्थिर आहेत. राहणारच! स्ट्रोबचा दिवाही त्याच विजेवर. ५० हर्ट्झला दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, ७७ रेघांची चकती स्थिर दिसते ती मिनिटाला ७७.९२ फेऱ्यांवर. वीज उतरली की दिवा आणि मोटर बरोबरीने उतरतात आणि रेघा जागच्या जागी. २००२ नंतर ग्रिडला शिस्त लागली, आज वारंवारता पन्नासच्या आसपास राहते. तरी प्रश्न अर्धाच सुटला.

कारण तबकड्याच ७८ च्या नाहीत. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हापासून विद्युत मुद्रण रुळेपर्यंत वेग सत्तरच्या घरापासून ऐंशीपलीकडेपर्यंत कुठेही सापडतो. सूर एका पट्टीने सरकायला सहा टक्के पुरतात, म्हणजे ७८ ऐवजी ७३.६. गॅरार्डचा चुंबकी ब्रेक एवढा वेग फिरवू शकत नाही. म्हणून माझा फेरफार: क्वार्ट्झचा ऑसिलेटर, त्यामागे तीस-चाळीस वॉटचा ॲम्प्लिफायर आणि उलटा जोडलेला ट्रान्सफॉर्मर. सगळं लॅमिंग्टन रोडवर मिळतं. ४५ ते ५४ हर्ट्झ फिरवलं की साधारण ७० ते ८४ फेरे हातात येतात. वारंवारता उतरवताना व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवायचं, नाहीतर मोटर तापते. मूळ यंत्राला एकही भोक पडत नाही, हे त्या पहिल्या पंथाने लक्षात घ्यावं.

पण फेरे किती ठेवायचे? तबकडीच्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक बघा. लागोपाठचे क्रमांक बहुधा एकाच बैठकीतले, आणि बैठकीत हार्मोनियम एकच. दोन्ही बाजूंची पट्टी जुळली पाहिजे. मग बोलणं ऐका. त्या काळचे गायक शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. गाण्यात वेग लपतो, बोलण्यात लपत नाही. नाव घाईने, चिरक्या आवाजात आलं तर फेरे उतरवा. पेटी आणि बोलणं दोन्ही एकाच आकड्यावर पटली की थांबा. आणखी एक, तबकडीचं भोक मध्यावर नसेल तर लांब स्वर झोके घेतो. आतल्या खाचांत, ५० मिलिमीटर त्रिज्येवर, १ मिलिमीटर सरकलेलं केंद्र वेग दोन टक्के वर-खाली करतं. मी थाळीचा खुंटा काढता येईल असा करून घेतला आणि तबकडी नजरेने मध्यावर आणतो.

सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली, तेव्हा अशा आकड्यांवर माणसं तासन्‌तास बोलायची. आता चोरबाजारातून पितळी भोंग्याचा नवा ग्रामोफोन आणायचा आणि शंभर वर्षांच्या तबकडीवर पोलादी सुई ठेवून पाहुण्यांना ऐकवायची, ही रसिकता झाली आहे. इंटरनेटवर तर चढ्या वेगातली अब्दुल करीम खाँसाहेबांची गाणी ऐकून पोरं तीच पट्टी खरी मानतात, त्यावर रियाज करतात. भास्करबुवा बखल्यांचा आवाज मुद्रितच झाला नाही. ज्यांचा झाला, त्यांचा तरी उतरवताना बिघडवू नये, यासाठी मी इतकी वर्षं भांडतो आहे.

तेव्हा ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांनी डिजिटल करताना खरखर पुसायच्या आधी मूळ प्रत वेगळी ठेवावी. आणि पाकिटाच्या आत पेन्सिलीने मॅट्रिक्स क्रमांक, सुईची जाडी, हार्मोनियमची पट्टी आणि वाजवताना ठेवलेले फेरे दशांशापर्यंत लिहावेत. पुढच्याला तो आकडा पटला नाही, तर खाली त्याने स्वतःचा लिहावा.