काळ्या उतरत्या जमिनींतील शेतरस्ता

मृगाचा पाऊस चांगला झाला म्हणजे शेतकऱ्याच्या मनास आनंद होतो. परंतु ज्याची वस्ती सडकेपासून दूर, काळ्या उतारावर आहे, त्याच्या मनांत त्याच वेळीं एक धास्तीही शिरते. आतां चार महिने गाडी वस्तीपर्यंत येणार नाहीं. दुधाचे कॅन डोक्यावरून न्यावयाचे, खताचीं पोतीं सडकेवरच उतरून घ्यावयाचीं, आणि रात्रीं घरांत कोणी अकस्मात् आजारी पडलें तर त्यास बाजेवर घालून चिखलांतून काढावयाचें. पुढें ऊस तोडून पडला व मध्येंच पाऊस आला, तर भरलेली ट्रॉली रुतून बसते. आणि तोडलेल्या उसाचें वजन व साखर हीं दोन्हीं दिवसागणिक घटत जातात.

अशा शेतकऱ्यानें रस्त्यावर खर्च केलेला नसतो असें मात्र नाहीं. बहुतेकांनीं उन्हाळ्यांत मुरूम टाकलेला असतो. एक-दोन पावसाळ्यांत तो दिसेनासा होतो व पुन्हां टाकावा लागतो. हा मुरूम जातो कोठें, आणि तो जाऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

काळीचा स्वभाव

दख्खनच्या काळ्या जमिनींत मॉन्टमोरिलोनाइट या जातीचें चिकण खनिज पुष्कळ असतें. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असून पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ते फुगतात, व पाणी गेलें कीं आकसतात. वैशाखांत शेतांत पडणाऱ्या भेगा या आकसण्याच्याच होत. कोरडी काळी दगडासारखी कठीण असते. तिच्यावरून भरलेली गाडी सुखानें जाते. तीच भिजली म्हणजे लोण्यासारखी मऊ होते. मग वरचा मुरूम चाकाच्या दाबानें खालीं रुततो व खालचा चिखल खड्यांमधून वर येतो. मुरूम वाहून गेला असें आपण म्हणतों. खरें पाहतां त्यांतील बराचसा जमिनीनें गिळलेला असतो.

खडीच्या रस्त्यास ज्याचें नांव मिळालें तो जॉन मॅकॅडम १७५६ सालीं स्कॉटलंडांत जन्मला. रस्त्यावरील सर्व भार शेवटीं खालची मातीच उचलते, आणि ती कोरडी असेपर्यंतच उचलते, हें त्याच्या पद्धतीचें सार आहे. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच असावा, पाणी त्यावरून लगेच निथळावें, व वर फोडलेली खडी घट्ट बसवावी, असा त्याचा आग्रह होता. खडीचा थर हें खालच्या मातीवरचें छप्पर आहे, असें समजून चालावें. छप्पर कितीही जाड केलें तरी भिंतींत पाणी मुरूं दिलें तर घर टिकत नाहीं, तसेंच हें आहे.

आंखणी

रस्ता होईल तितका जमिनीच्या माथ्यावरून न्यावा. तेथें पाणी दोन्हीं बाजूंस आपोआप वांटलें जातें. उतारावरून सरळ खालीं उतरणारा रस्ता जवळचा दिसतो, पण पहिल्याच मोठ्या पावसांत तो ओढा बनतो. चढ २० फुटांस १ फूट इतकाच ठेवण्याचा प्रयत्न करावा. त्याहून उभी जागा आली तर रस्ता तिरपा न्यावा. अंतर वाढलें तरी चालेल. फार उभ्या चढावर चाकें घसरून खडी उधळतात आणि तीच पावसानें वाहून जाते.

पाण्याची वाट

रस्ता उताराला आडवा जात असेल, तर वरच्या अंगानें चर खणावा. चराचा तळ रस्त्याखालच्या मातीच्या पातळीहून निदान एक फूट खोल असावा आणि कडा तिरप्या तासलेल्या असाव्या; काळींत उभी कड ढासळते. चरास उतार जास्त असेल तेथें तळाशीं दगड बसवावे, नाहींतर तो दर वर्षीं खोल होत जाऊन रस्त्याची कड खाईल. चरांत सांठलेलें पाणी जागोजाग सिमेंटच्या नळीनें रस्त्याखालून पलीकडे काढावें. नळीचें तोंड दीड फुटाहून लहान नसावें, कारण लहान नळी काडीकचऱ्यानें तुंबते. नळीवर दीड-दोन फूट भराव असावा व जेथें पाणी पडतें तेथें दगड रचावे. हें पाणी नैसर्गिक ओघळींतच सोडावें. शेजाऱ्याच्या शेतांत सोडलेलें पाणी पुढें तंट्याच्या रूपानें आपल्याच दारीं परत येतें.

थर

काम माघापासून वैशाखापर्यंत उरकावें. प्रथम गवत-मुळांसह वरची सहा इंच माती काढून शेतांत पसरावी. मग तळ मध्यें उंच व कडांस उतरता, कासवाच्या पाठीसारखा, घडवावा. १२ फूट रुंदीच्या रस्त्यास मध्य कडेपेक्षां सुमारें ३ इंच उंच असावा. हा आकार मातीसच द्यावा. केवळ वरच्या मुरमास दिल्यानें आंत शिरलेलें पाणी बाहेर निघत नाहीं. कोरडीं ढेकळें दाबूं नयेत. माती किंचित ओली करून रोलर फिरवावा.

यानंतर माती व मुरूम यांची गांठ पडूं न देणें हें महत्त्वाचें. त्यास दोन उपाय आहेत. एक, जिओटेक्स्टाइल नांवाचें न विणलेलें कृत्रिम कापड अंथरणें. त्यांतून पाणी जातें, पण चिखल वर येत नाहीं. दुसरा, वरच्या सहा इंच मातींत कोरड्या वजनाच्या शेंकडा ४ या मानानें विरलेला चुना नीट मिसळून दाबणें. त्यानें काळीचा चिकटपणा व फुगणें बरेंच कमी होतें. चुना हाताळतांना डोळे व कातडी जपावी.

त्यावर सहा इंच कठीण मुरूम वा फोडलेला दगड व त्यावर तीन इंच बारीक, थोडी माती असलेला मुरूम घालावा. प्रत्येक थर पाणी मारून, कडेकडून मध्याकडे रोलर फिरवून दाबावा. नदींतील गोल गोटे वापरूं नयेत. ते एकमेकांत अडकत नाहींत. १००० फूट लांब, १२ फूट रुंद व दाबून ९ इंच जाड अशा रस्त्यास ९० ब्रास माल बसतो. दाबल्यानें तो कमी होतो, म्हणून सुटा माल ११५ ते १२० ब्रास धरावा. मुरूम खणण्यापूर्वीं तहसीलदारांकडून गौण खनिजाची परवानगी घ्यावी. आपल्या शेताकडे जाण्यास दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३ प्रमाणें तहसीलदारांकडे अर्ज करतां येतो. तथापि शेजाऱ्याशीं समजुतीनें ठरलेली वाट अधिक टिकते.

निगा

पहिल्या मोठ्या पावसांत फावडें घेऊन रस्त्यावरून एकदां चालत जावें. पाणी कोठें थांबतें व कोठें धांवतें हें त्या दिवशीं जितकें कळतें तितकें एरवीं कळत नाहीं. चाकोऱ्या पडूं लागल्यास त्यांत नुसती माती लोटूं नये. बाजूचा मुरूम ओढून मधली उंची पूर्ववत् करावी. दर वर्षीं मृगापूर्वीं चर व नळ्या साफ कराव्या.

सर्व खर्च एका वर्षीं झेपणें प्रत्येकास शक्य नाहीं. अशा वेळीं क्रम मात्र उलटा करूं नये. पहिल्या वर्षीं आंखणी, चर व नळ्या. दुसऱ्या वर्षीं उंच घडवलेला तळ. आणि हातीं पैसा येईल तसा कापड वा चुना व त्यावर मुरूम. चराविना टाकलेले शंभर ब्रास काळी निमूटपणें गिळून टाकील. ज्यानें आधीं पाण्यास वाट दिली, त्याच्याच गाडीस पुढें वाट मिळते, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.