साथीच्या काळात कुटुंब नियोजनाची सेवा : काय अडलं आणि का अडलं



लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल आपण नेहमीच वाचतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गट ऑफिसच्या ओट्यावर तो कोणी काढत नाही. घरात सासू-सुनेत हळू आवाजात निघतो आणि पुरुष माणूस आत आला की थांबतो. कोरोनाच्या साथीत कुटुंब नियोजनाच्या सेवेचं काय झालं, हा तो विषय. साथ ओसरून आता काही वर्षं झाली, म्हणून त्याकडे शांतपणे पाहता येतं.

साथ म्हटलं की आपल्याला ताप, खोकला आणि ऑक्सिजनचे सिलिंडर आठवतात. पण साथीत जे आजारी पडत नाहीत त्यांचंही अडतं. कारण साधं आहे. दवाखाना तोच, डॉक्टर तेच आणि उपकेंद्रातली सिस्टरही तीच. साथीच्या कामाला ती लागली की तिची रोजची कामं पडून राहतात. त्यातही ज्या कामाला कोणी ओरडत नाही ते काम सगळ्यात आधी मागं पडतं. पाय मोडलेला माणूस ओरडतो. तांबी बसवायला आलेली बाई मात्र दार बंद दिसलं की मुकाट्यानं घरी जाते.

महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. दुबईहून परतलेल्या त्या सहलीत आपल्या यवतमाळचेही काही प्रवासी होते, त्यामुळे मार्चच्या मध्यापर्यंत साथ आपल्या जिल्ह्यात येऊन पोचली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्या सुमारास केंद्राच्या आरोग्य खात्यानं नसबंदी आणि तांबी बसवण्याचं काम पुढील सूचना मिळेपर्यंत थांबवायला सांगितलं. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कोरोनाच्या रुग्णांसाठी राखलं गेलं. एप्रिलमध्ये प्रजनन आरोग्याच्या सेवा अत्यावश्यक असल्याची मार्गदर्शक सूचना निघाली खरी. पण एसटी बंद, काळी-पिवळी बंद, नाक्यावर पोलिस, अशात सूचना कागदावर असून उमरखेडच्या खेड्यातल्या बाईला काय उपयोग? उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पुसदचं उपजिल्हा रुग्णालय त्या मानानं जवळ, पण गाडीच नसली की दहा किलोमीटरही लांबच.

आता आपल्या भागाची एक खास गोष्ट सांगतो. ती ध्यानात घेतल्याशिवाय नुकसान कळत नाही. उसाला जसा गाळपाचा हंगाम असतो तसा आपल्याकडे बायकांच्या नसबंदीलाही हंगाम असतो. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया सुरू होतात आणि मार्चअखेर त्यांची गर्दी होते. थंडीत जखम लवकर भरते, उन्हाळ्यात घामानं चिघळते, असं जुनी माणसं सांगतात. सरकारी वर्ष मार्चला संपत असल्यानं आरोग्य खात्याचीही तेव्हाच धावपळ असते. शास्त्र विचाराल तर शस्त्रक्रिया बाराही महिने करता येते. पण रीत पडली ती पडली.

तर झालं असं की पहिली टाळेबंदी नेमकी मार्चअखेर आली. 'या महिन्यात करून घेऊ' म्हणणाऱ्या बायका राहिल्या. त्यांना सांगितलं गेलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर कामं थोडी सुरूही झाली, पण आधी कोरोनाची तपासणी आणि दिवसाला थोड्याच शस्त्रक्रिया, अशी चाल होती. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालं आणि त्याच सिस्टरबाई लसीच्या टेबलावर बसल्या. मग फेब्रुवारीत अमरावती, अकोला आणि यवतमाळ भागात रुग्ण वाढले. उरलेल्या महाराष्ट्रात दुसरी लाट अजून जाणवतही नव्हती तेव्हा आपल्याकडे शाळा-महाविद्यालयं पुन्हा बंद झाली होती. म्हणजे दुसरा मार्चही हातचा गेला. दुसऱ्या जिल्ह्यांचं एक वर्ष बुडालं असेल, पण आपल्याकडे सलग दोन हंगामांवर पाणी पडलं. माझ्या मते विदर्भाच्या या कोपऱ्याचं हे दुखणं पुण्या-मुंबईच्या चर्चेत कधी आलंच नाही.

तोडीची चिठ्ठी उशिरा आली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उसाला तुरा येतो, वजन घटतं, उतारा पडतो. तरी ऊस चार आठवडे वावरात उभा राहतो. बाईच्या शरीराचं तसं नाही.

समजा, एक बाई फेब्रुवारी २०२० मध्ये दुसऱ्यांदा बाळंत झाली. नसबंदी बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करतात, नाही तर सहा आठवडे उलटल्यावर. घरच्यांनी ठरवलं, बाळ जरा बाळसं धरू दे, सव्वा महिना झाला की करू. सव्वा महिना भरला तो मार्चअखेर, आणि तोवर सगळं बंद. अंगावर पाजत असल्यानं दिवस जाणार नाहीत असं सासूबाई म्हणाल्या. त्यात तथ्य आहे, पण त्याला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा दिलेलं नसावं, आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. यातली एक अट मोडली की भरवसा संपला. ऑगस्टमध्ये बाळ सहा महिन्यांचं झालं आणि वरचं खाऊ लागलं. पाळी अजून आली नव्हती म्हणून बाई निर्धास्त होती. इथंच गाडं अडतं. बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटतं, म्हणून पाळी न येताही दिवस राहू शकतात. दिवाळीला शस्त्रक्रियेसाठी गेली तेव्हा कळलं की तिसरं पोटात आहे. ही कोणा एकीची हकीकत नाही, हिशेब दाखवायला मांडलेलं उदाहरण आहे. पण असा हिशेब किती घरांत जुळला असेल याचा विचार करा.

असं होण्याचं मूळ एकाच साधनावर असलेल्या भिस्तीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधी झालं. त्यात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नव्हतं. तांबी आणि गोळ्या दोन-दोन टक्क्यांच्या आतच. राज्यात एका स्त्रीमागे सरासरी मुलं १.७ इतकी खाली आली आहेत, म्हणजे लहान कुटुंब लोकांनी मनापासून स्वीकारलं आहे. पण ते पेलून धरलंय बाईच्या शस्त्रक्रियेनं. आणि शस्त्रक्रियेला टेबल लागतं, सर्जन लागतो, भूल लागते, गाडी लागते. साथीत नेमक्या याच गोष्टी आधी जातात.

मग साथीत टिकतं ते कोणतं साधन? आधीच बसवलेली तांबी सगळ्यात बिनघोर. सरकारी दवाखान्यातली ३८० ए जातीची तांबी दहा वर्षं चालते, दुसरी पाच वर्षांची असते. ती एकदा बसली की टाळेबंदी येवो की पूर येवो, तिला काही लागत नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ४८ तासांच्या आत बसवून घेता येते, पुन्हा खेप पडत नाही. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत येऊ लागलं. त्यात अडचण पुढच्या तारखेची. पण एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. तारीख हुकली तरी पुढचे चार आठवडे ते घेता येतं. 'तारीख गेली, आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये. 'छाया' या गोळीत हार्मोन नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, अशी ती घ्यायची. माला-एनची गोळी मात्र रोजची असते आणि पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने ती घेऊ नये. निरोध तर कुठंही मिळतो. टाळेबंदीतही औषधांची दुकानं उघडी होती. पण गावातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे निरोध मागायला पुरुषाची जीभ रेटत नाही. या लाजेला काय म्हणावं? खर्ऱ्याची पुडी मागताना ती कुठं जाते कोण जाणे.

गोळ्या आणि निरोध घरपोच देण्याचं काम आशाताईंकडे २०११ पासून आहे. साथीत याच आशाताई घरोघर ताप मोजत फिरल्या. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, तेव्हा ऑक्सिजन मोजायचं कामही त्यांच्याच माथी आलं. मोबदला तुटपुंजा म्हणून जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांनी संप केला, आणि मग मोबदला थोडा वाढला. ताप मोजायला दारात आलेल्या आशाताईच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीटही असतं तर निम्मं काम तिथंच झालं असतं. काही ठिकाणी तसं झालंही. पण ते तिच्या स्वतःच्या हुशारीवर होतं, तिला कोणी नेमून दिलं नव्हतं.

आकड्यांबाबत जरा जपून बोललं पाहिजे. मे २०२० मध्ये फाउंडेशन फॉर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ सर्व्हिसेस इंडिया या संस्थेनं अंदाज मांडला होता की टाळेबंदीमुळे देशात अडीच कोटींवर जोडप्यांना साधनं मिळणार नाहीत आणि सुमारे २४ लाख नको असलेले गर्भ राहतील. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं सहा महिन्यांच्या टाळेबंदीसाठी ११४ देशांत मिळून ४ कोटी ७० लाख स्त्रियांचा आकडा सांगितला होता. वर्षभरानं, मार्च २०२१ मध्ये त्याच निधीनं पुन्हा हिशेब केला, तेव्हा सुमारे १ कोटी २० लाख स्त्रियांची सेवा तुटली आणि १४ लाख अनपेक्षित गर्भधारणा झाल्या असं निघालं. म्हणजे भीती होती तेवढं झालं नाही. बऱ्याच देशांनी सेवा लवकर सावरल्या. पण सरासरीचा आकडा आपल्या तांड्यापर्यंत आणि पोडापर्यंत पोचत नाही. रस्त्याच्या शेवटच्या टोकाला सेवा सगळ्यात आधी तुटते आणि सगळ्यात उशिरा जोडली जाते.

गर्भपाताचंही तेच. कायदा १९७१ सालचा, २०२१ मध्ये सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर, आणि काही ठराविक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. साधन निकामी ठरलं हे कारण कायद्याला मान्य आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, हेही लिहून ठेवा. (मुलगी आहे म्हणून पाडणं हा मात्र गुन्हा आहे, त्याची याच्याशी गल्लत नको.) पण कायदा आठवडे मोजतो, आणि टाळेबंदीनं तेच आठवडे खाल्ले. इपास डेव्हलपमेंट फाउंडेशनच्या अंदाजानं २५ मार्च ते २४ जून २०२० या तीन महिन्यांत देशातल्या सुमारे साडेअठरा लाख स्त्रियांचा गर्भपात वेळेवर होऊ शकला नाही किंवा अडचणीत आला. काहींचा उशिरा झाला, काहींनी भलतीच वाट धरली, आणि काहींना मूल झालं.

आपल्या धंद्याशी थेट जोडलेली एक बाजू राहिली. टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. राज्यात ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार तोडणी मजूर अडकले होते. त्यांना तपासणी करून गावी सोडायचा निर्णय १७ एप्रिल २०२० रोजी झाला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपण जाणतो. त्या कोप्यांमध्ये हजारो तरुण जोडपी महिनाभर बसून होती. त्यांची आशाताई त्यांच्या गावी, त्यांचं उपकेंद्र दुसऱ्या जिल्ह्यात. धान्य पोचलं, मास्क पोचले. गोळ्या पोचवायचं कोणाच्या ध्यानीही आलं नसेल. आपल्या पुसद, महागाव, दिग्रसच्या तांड्यांवरूनही माणसं तोडीला बाहेर जातात, तेव्हा हा प्रश्न परक्याचा नाही.

आता पुरुष सभासदांशी दोन शब्द. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते. पोट उघडावं लागत नाही, जागेवरची भूल पुरते, त्याच दिवशी घरी येता येतं. ताकद जाते हा समज खोटा आहे. त्यात फक्त बीज वाहून नेणारी नळी बांधतात; पुरुषत्वाचा रस रक्तात जातो तो तसाच जात राहतो. पाटाचं एक दार लावलं म्हणून विहीर आटत नाही. १९७६ साली जी सक्ती झाली तिची भीती बापजाद्यांच्या मनात बसली आणि ती वारशानं आपल्याकडे आली, हे समजू शकतं. पण आज सक्ती नाही. एक पथ्य मात्र आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरायचा, आणि वीर्य तपासून डॉक्टरांनी सांगितलं की मगच सोडायचा. हे न पाळल्यानं दिवस गेले की बिचाऱ्या बायकोवर संशय घेतला जातो.

पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. साथच कशाला, पैनगंगेला पूर आला तरी काही गावांचा रस्ता तुटतो. तेव्हा घरात गोळ्या वापरत असाल तर तीन महिन्यांचा साठा मागून घ्या. पाकिटावरची मुदत तेवढी पाहा. गरोदर सुनेचं नाव उपकेंद्रात नोंदवतानाच बाळंतपणानंतर काय करायचं ते सिस्टरला सांगून ठेवा, आणि तो निर्णय सुनेला विचारून करा. तोडीला बाहेर जाणाऱ्या जोडप्यानं निघण्याआधी आशाताईला भेटावं. 'अंतरा' घेणाऱ्या बाईला एक कार्ड मिळतं, त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. ते कार्ड आधारकार्डाबरोबर पिशवीत ठेवावं. कार्ड दाखवलं की सोलापूर असो की कोल्हापूर, तिथल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला मागचं इंजेक्शन कधी झालं ते कळतं आणि पुढचं देता येतं.