वाढतं घर : भाग ११
रजिस्टरातला धर्म आणि घरातला धर्म

जून संपत आला की पोंभुर्णा तालुक्यातल्या शाळांमध्ये पहिलीत नाव घालायची गडबड सुरू होते. बाप पऱ्हे टाकायच्या घाईत, आई लेकराला नवा शर्ट घालून वर्गाच्या दाराशी, आणि गुरुजींपुढे दाखल-खारीज रजिस्टर. नाव, जन्मतारीख, जात हे विचारलं जातं. धर्म बहुधा विचारलाच जात नाही. आडनाव मडावी, आत्राम किंवा सिडाम असलं की त्या रकान्यात 'हिंदू' आपसूक पडतं. आईबापही हरकत घेत नाहीत. गुरुजींनी लिहिलं ते लिहिलं.

मागच्या भागात मुलाच्या नावाबद्दल बोललो, तेव्हा धर्माचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला होता. धर्माविना किंवा वेगळ्या श्रद्धेत मूल वाढवणं हा पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या जोडप्यांचा हट्ट आहे, असा आपल्याकडे समज. पण चंद्रपूर-गडचिरोलीत ते किती तरी घरांत, काहीही गाजावाजा न होता, पिढ्यानपिढ्या चाललेलं आहे.

आधी गोंडाचं घर पाहू. तिथल्या पोराला ईश्वर आहे की नाही हे कोणी समजावून सांगत नाही. त्याला सांगितलं जातं ते असं की आपण इतक्या देवांचे. चार, पाच, सहा, सात देव मानणारे असे सगे असतात. एकाच सग्यातली माणसं भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. गोत्राला जोडलेलं झाड तोडायचं नसतं, प्राणी मारायचा नसतो. नवं पीक, नवा आंबा, नवी मोहफुलं पेनाला, म्हणजे देवाला, वाहिल्याशिवाय तोंडात घालायची नसतात. माडियांच्या मुलखात नवं खाण्याच्या या सणांना पंडुम म्हणतात. या सगळ्यात पाठांतराची पोथी नाही आणि मेल्यावरच्या शिक्षेचा धाकही नाही. पोराकडून अपेक्षा दोनच : अमुक करू नकोस, आणि अमुक दिवशी पेनठाण्यावर हजर राहा. विश्वास बसायचा तो पुढे बसतो, कधी बसतही नाही. तरी ते पोर सग्यातलंच राहतं.

गेल्या चाळीसेक वर्षांत याला 'कोया पुनेम' असं नाव घेऊन लिहिलं-बोललं जाऊ लागलं. नागपूरच्या डॉ. मोतीरावण कंगाली यांच्या पुस्तकांचा यात मोठा वाटा. २०१५ मध्ये ते गेले. माघ पौर्णिमेला सालेकशाजवळच्या कचारगडाला जाणारी घरं वाढली, 'जय सेवा' हा रामराम पोरांच्या तोंडी बसला. अर्थात चित्र इतकं स्वच्छ नाही. ज्या भिंतीवर कोया पुनेमाचा प्रणेता पहांदी पारी कुपार लिंगो याचं चित्र आहे, तिथेच शेजारी गणपतीचं कॅलेंडर असतं, आणि चैत्रात तेच कुटुंब चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, महाकालीच्या जत्रेलाही जातं. मला यात विसंगती दिसत नाही. पोरांनाही दिसत नाही. ती दिसते फक्त फॉर्म भरणाऱ्याला.

फॉर्मची गंमत खरी पुढे आहे. ज्या पोराच्या दाखल्यावर 'हिंदू' आहे, त्याला हिंदू विवाह कायदा १९५५ आणि हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागूच होत नाहीत. दोन्हींच्या कलम २(२) मध्ये अनुसूचित जमातींना वगळलेलं आहे, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच ते लागू व्हायचे. हेच पोर मोठं होऊन जमातीच्या दाखल्याच्या पडताळणी समितीपुढे उभं राहिलं की त्याला कुळाचार विचारतात : देव कोणते, लग्नात काय करता, मयत कशी करता. म्हणजे शाळेने जे कधी विचारलं नाही, त्यावर समितीपुढे परीक्षा. ही आप्तसंबंध चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं, ते बरं झालं. १९५० पूर्वीच्या जुन्या नोंदींचं वजन त्यामुळे कायम राहिलं.

इथे आईबापांची खरी भीती येते. धर्माच्या रकान्यात दुसरं काही लिहिलं तर पोराची सवलत जाईल का? जमातींच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अटच नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात मात्र आहे : आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. त्यामुळे अनुसूचित जातीतल्या घराने रकाना कोरा ठेवण्याआधी जाणत्या वकिलाला विचारलेलं बरं.

बौद्धांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्या दिवशी जे आईबाप मैदानात होते, त्यांच्यापुढे प्रश्न अगदी घरगुती होता. बावीस प्रतिज्ञांनी जुने देव सोडले, श्राद्धपक्ष सोडला. आता उद्या सकाळी पोराला काय सांगायचं? पुढच्या वर्षांत उत्तर तयार होत गेलं : विहार, वंदना, पौर्णिमा, श्रामणेर शिबिर, १४ एप्रिल, आणि दर ऑक्टोबरात दीक्षाभूमीवरची गर्दी. नुसता नकार शिकवला असता तर दुसरी पिढी गळाली असती, असं मला वाटतं. वर्षाचे दिवस नव्याने भरले, म्हणून ती टिकली.

नेमकी हीच गोष्ट निधर्मी जोडप्यांकडून राहून जाते. तालुक्याच्या गावी अशी घरं थोडी आहेत. शिक्षक, कर्मचारी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातले कार्यकर्ते. देवघर काढलं, पण त्या जागी काही आणलं नाही. आळीतल्या पोरांचा गणपती चाललेला असताना यांचं लेकरू घरात मोबाईल घेऊन बसतं, आणि त्याला वाटतं की आपल्याकडे काहीतरी कमी आहे. वास्तविक दिवस हवे असतील तर इथल्याच मातीत आहेत. २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाकेंना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्या दिवशी पोराला तिथे घेऊन जायला कुठल्याही देवाची गरज नाही. आणि आळीच्या गणपतीत प्रसाद खाल्ल्याने कोणाचं निधर्मीपण बाटत नाही.

शाळेत काय करायचं? घटनेचं कलम २८(३) फारच कमी पालकांना माहीत असतं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण पहिलीतल्या पोराला या लढाईचा शिपाई करू नये. गुरुजींशी आधी एकट्याने बोलावं. बहुतेक जण ऐकतात.

एक गोष्ट मात्र वेगळ्या श्रद्धेच्या घरांनीही मनावर घ्यायला हवी. निसर्गपूजक म्हटलं की सगळं कोवळं आणि निरागस, असं शहरी लेखकांना वाटतं. पण चंद्रपूर जिल्ह्यातच, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारहाण केली गेली. मार खाणारे दलित होते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. झाड तोडू नको हे शिकवणाऱ्या घराने, आजारपणासाठी कोणा माणसाला जबाबदार धरू नको, हेही त्याच वयात शिकवायला हवं. ताप आला तर आधी आरोग्य केंद्र. देवाला काय वाहायचं ते नंतर वाहा.

निवडीचा अधिकार पोराला द्यायचा, ही कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त असं घर कल्पिलेलं आहे, जिथे नवरा, बायको, मुलगी, मुलगा आपापल्या वाचनाने वेगवेगळे धर्म धरतात आणि तरी एकत्र, प्रेमाने नांदतात. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तसं घर अजून दुर्मीळ. आणि घर सोडाच, अख्ख्या गावालाही आपली वाट निवडणं सोपं नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची आपली शाळा काढली, तर तिला मान्यता नसल्याची नोटीस आली. गावाला आपल्या पोरांना आपल्या भाषेत, आपल्या रीतीत वाढवायचं असलं तरी सरकारी कागद आडवा येतो तो असा.

धर्माच्या रकान्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल मात्र हाताशी आहे. आपला कोणताच धर्म नाही असं सांगायचा नागरिकाला अधिकार आहे, आणि सरकार त्याला कुठलाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, असं त्यात म्हटलं आहे. मजा म्हणजे दाद मागणारे नास्तिक नव्हते. येशूवर श्रद्धा ठेवणारे पण ख्रिस्ती धर्म न मानणारे लोक होते.

हा निकाल लवकरच कामाला येईल. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांनाच स्वतंत्र स्थान होतं. 'इतर' मध्ये सुमारे ७९ लाख लोक मोजले गेले, त्यांत सुमारे १० लाखांनी गोंड किंवा गोंडी धर्म सांगितला. आणखी सुमारे २९ लाखांनी धर्म सांगितलाच नाही. आता फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक पुन्हा दारात येईल. घरातल्याने जे सांगितलं तेच त्याने लिहायचं असतं. आठवी-नववीतलं पोर असेल तर त्याचा रकाना त्यालाच विचारून भरावा. पुढच्या आठवड्यात आजी-आजोबांची बाजू, कारण नातवाच्या कानात पहिली गोष्ट बहुधा तेच सांगतात.